केडगाव ते गोवा, एकट्याने

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. मोहिमा करणारे सगळे लोक रोजनिशी लिहितात. नंतर आठवत बसायला नको.

यॉट घेतली. पर्सनल. सोळा फुटी, फायबरची, एक डोलकाठी, एक मोठं शीड, एक छोटं. धरणावरचा एक बोट क्लब बंद पडला, त्यांच्या शेडमध्ये धूळ खात होती. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, होडी म्हणायचं नाही.

बेत असा: जानेवारीत मांडव्याहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने थेट गोवा. एकट्याने. सोलो. पाण्याची भीती मला कुणी दाखवू नये. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालवा निरीक्षक होतो. चारीतलं पाणी नुसतं बघून किती सुटलंय ते सांगायचो. समुद्र म्हणजे तरी काय, एकच काठ असलेला कालवा.

सोलो का? कारण आजवरच्या आयुष्यात मी एकटा असा कधी राहिलोच नाही. लहानपणी घरात अकरा माणसं, एका वाकळेत तिघं. मग होस्टेल, मग सरकारी क्वार्टर, मग लग्न. आता रिटायर झालो तरी बाथरूममध्ये गेलं की बाहेरून कुणीतरी विचारतंच, अजून किती वेळ? एकदा, फक्त एकदा, चारी बाजूंना कुणी नाही असं बसायचं आहे. मग मेलो तरी चालेल. (मरायचं नाही. लाइफ जॅकेट घेणे.)

सौ.ने विचारलं, मी येऊ का? तिला सोलो शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. बरं म्हणाली आणि मेथी निवडत बसली. समजूतदार आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

सोसायटीने पार्किंग नाकारलं. सेक्रेटरी म्हणतो, टू-व्हीलरची जागा आहे, फोर-व्हीलरची आहे, नो-व्हीलरची नाही. केडगावात राहून माणसाची दृष्टी किती लहान होते!

शेवटी कल्याण नावाच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याच्या टेम्पोतून यॉट मिरजगावला, थोरल्या भावाकडे. आप्पाच्या वस्तीवर जागा भरपूर. छबूवहिनींनी यॉटला ओवाळलं, नाकावर स्वस्तिक काढलं. इथवर ठीक. पण नवीन ट्रॅक्टर आला की आप्पा त्याच्या पुढच्या लोखंडावर नारळ फोडतो, त्याच सवयीने आणि त्याच जोराने त्याने तो यॉटच्या नाकावर हाणला. नारळ शाबूत. यॉट फुटली.

आप्पा म्हणाला, "कच्चा माल दिलाय तुला."

फायबरचा लेप मारून घेतला. काळजीचं कारण नाही. तडा पाण्याच्या रेषेच्या वर आहे. बहुतेक.

१६ नोव्हेंबर, रविवार

भरती-ओहोटीचा अभ्यास सुरू. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, भरतीची वेळ कशी बघायची, कुणाला माहिती आहे का? चौघांनी तलाठी भरतीचं वेळापत्रक पाठवलं. एकाने खाजगीत विचारलं, काका, या वयात चालतं का?

ग्रुप म्यूट केला.

मोठ्या शिडाला उंदरांनी भोकं पाडली आहेत. नगरमधला कुठलाही टेलर हात लावेना. एका मंडपवाल्याने ठिगळं लावून दिली. लाल-पिवळी, झालरीसकट. झालर कापून टाका म्हटलं तर म्हणाला, शोभा जाईल.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाण्यात पहिला दिवस. आप्पाच्या शेततळ्यात.

वारा शून्य. तळ्याचे बांध इतके उंच की वारा वरून जातो. शीड लावून बराच वेळ बसलो. यॉट स्वतःभोवती गोल फिरत राहिली. छबूवहिनी बांधावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊजी, हे आसंच आसतंय का?" मी म्हटलं, हे बेसिक ट्रेनिंग आहे.

नांगर टाकायचा सराव करणार होतो. आत्ता नांगर नाही म्हणून दोरीला मोठा दगड बांधला. आप्पा लांबून धावत आला. शेततळ्याच्या तळाशी जे प्लास्टिक अंथरतात त्याला इकडे कागद म्हणतात, आणि कागदावर या माणसाचं पोटच्या पोरांपेक्षा जास्त प्रेम. "कागदाला खरचाटलं तर तुला हितंच बुडवीन," म्हणाला. दगड काढला. नांगर टाकणं आणि उचलणं यात शिकण्यासारखं काही नाही म्हणा. टाकायचा. उचलायचा.

७ डिसेंबर, रविवार

डोकं उठलं आहे.

कोपरगावहून आक्का आली. थोरली बहीण. तिकडे बातमी पोचली आहे की गोरखने, म्हणजे मी, संन्यास घेतला. आल्या आल्या गळ्यात पडून रडली. नावच गोरक्षनाथ ठेवलं, कधीतरी जायचाच होता, म्हणे. दुपारी आप्पाही आला. मग बैठक. प्रत्येकाने सौ.कडे बघून आवाज खाली आणून विचारलं, घरात भांडण झालं का? ती म्हणाली, नाही, त्यांना नुसतं एकटं जायचंय. यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. आमच्याकडे माणूस एकटा फक्त कोर्टात आणि दवाखान्यात जातो, आणि तिथेही सोबत एक जीप असते.

मी सोलोचा अर्थ सांगितला. जगात लोक कसे एकटेच समुद्र ओलांडतात ते सांगितलं. आप्पाने शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "जा की मग एकटाच. आमी हायेच संगं."

१४ डिसेंबर, रविवार

यॉटचं नाव ठरवलं: एकांत. बिभीषण पेंटरला फोनवर नीट सांगितलं. फक्त एक शब्द. पांढऱ्यावर निळा. साधा.

आज जाऊन पाहिलं. 'एकांत' आहे. त्याच्याभोवती स्नेहल, अश्विनी, ओम, अमृत अशी घरातल्या सगळ्या पोरांची नावं आहेत, कारण आप्पाने सांगितलं की गाडीवर पोरांची नावं पाहिजेत. दोन मोर आहेत. मागच्या बाजूला 'आईची कृपा'. आणि त्याखाली माझ्या हाताएवढ्या अक्षरांत 'नगर'.

नगर कशाला, विचारलं. बिभीषण म्हणाला, "गाडी कुठली हाय ते कळाया नको व्हय?"

पैठणी नेसवलेल्या म्हशीसारखी दिसते. पुसायला सांगितलं तर म्हणाला, कलर लई भारी वापरलाय, आता जात न्हाई.

२५ डिसेंबर, गुरुवार

नौकानयनाचं इंग्रजी पुस्तक आलं आहे. रोज एक धडा वाचायचा संकल्प. पहिला धडा चार वेळा वाचून झाला. दुपारी जेवणानंतर वाचतो हेच चुकतं.

गोवा रद्द. घाबरून नाही. तिकडे सीझनमध्ये फार गर्दी असते, एकांताला मारक. आता मांडवा ते रत्नागिरी.

मला वाटलं, सौ. टीव्ही बघते आहे. पण पुस्तक पालथं पडलं होतं ते तिने उचललं, चित्रं बघितली आणि विचारलं, ही दोरी कशाला असते? म्हटलं, अगं ते टेक्निकल आहे.

४ जानेवारी, रविवार

आप्पाला फोन. यॉटसाठी चांगला वजनदार नांगर लागेल, मिरजगावात लोहाराकडे चौकशी कर. आप्पा म्हणाला, "लोहाराकडं कशाला? घरचाच हाय की. दोरीबी बांधून ठिवतो."

घरचा! आप्पाला मी आजवर कमी लेखत आलो.

११ जानेवारी, रविवार

आप्पाला मी आजवर योग्यच लेखत आलो.

यॉटमध्ये नांगर ठेवलेला आहे. बैलांचा. लोखंडी, फाळासकट, आजोबांच्या वेळचा. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यामागे पडून होता. मी ओरडलो, अरे हा नव्हे, पाण्यातला नांगर! आप्पाही चिडला. "नांगराला नांगर न्हाई म्हनायचं तर काय म्हनायचं? त्यो जमिनीतच घुसतोय. पान्याखाली काय गादी हाथरलीय का?"

रागाने घरी आलो. बसमध्ये शेजारच्याशीही बोललो नाही.

रात्री जेवताना सौ.ने पुस्तक उघडून समोर ठेवलं. एका पानावर नांगरांचे प्रकार आहेत. त्यातल्या एकाला इंग्रजीतही शेतातल्या नांगराचंच नाव आहे, चित्र हुबेहूब फाळाचं. पकड सर्वोत्तम, असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे निवड बरोबरच होती. आप्पाला तसं कळवायची गरज नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

निघायची तारीख अठरा काढली होती. अमावस्या, पाण्याला जोर. मिरजगावहून आक्काचा फोन: अमावस्येला निघालास तर मला बहीण म्हणू नकोस. मी विज्ञान सांगितलं. तिने फोन छबूवहिनींना दिला, त्यांनी आप्पाला, आप्पाने पोरांना. मी अजून कुणाशी तरी विज्ञानच बोलत होतो आणि पलीकडे कुणी नव्हतं.

पौर्णिमा ठरली, एक फेब्रुवारी. पाण्याला जोर तेवढाच असतो. म्हणजे मीच जिंकलो.

मार्गही सुटसुटीत केला. केळशी ते हर्णै. एका दिवसात होतं. लांब पल्ल्यात मजा नाही, दर्जा महत्त्वाचा.

सौ.ने पुन्हा विचारलं, मी बसू का? तेवढंच तर जायचंय, मी काही बोलणार पण नाही. म्हटलं, तू नुसती बसलीस तरी सोलो राहत नाही गं. ती म्हणाली, बरं. या वेळी मेथी नव्हती. नुसतीच बसली.

३१ जानेवारी, शनिवार. केळशी

प्रवास: यॉट कल्याणच्या टेम्पोत. मागे क्रूझर जीप. जीपमध्ये आप्पा, छबूवहिनी, आक्का, सौ., पोरंटोरं, एक स्टोव्ह, पाण्याचे ड्रम आणि पिठाचा डबा. कोकणात पीठ मिळत नाही असं आक्काला कुणी सांगितलं कोण जाणे. ताम्हिणी घाटात सगळे एकेक करून ओकले. मी नाही. हे समुद्राच्या दृष्टीने आशादायक.

खाडीच्या काठाला एक घर भाड्याने घेतलं आहे. घरमालकांनी यॉट बघितली, मोर बघितले, मग मला बघितलं. म्हणाले, "उद्या उधाण आहे हो, पाण्याला ओढ फार. पहिल्यांदाच येताय तर खाडीच्या तोंडाशी नांगर टाका, निवांत शीड चढवा, मग काय ते ठरवा." नांगर आहे म्हटलं. दाखवला. त्यांनी वाकून फाळाला बोट लावून बघितलं.

संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून नियम सांगितले. एक, मी पाण्यात गेल्यावर कुणी हाक मारायची नाही. दोन, फोन नाही, मी तो बंद ठेवणार. तीन, हातवारे, शिट्ट्या, टॉवेल हलवणं बंद. सोलो म्हणजे सोलो. आप्पाने विचारलं, "आन बुडाया लागला तर?" तरच हाक मारा, म्हटलं.

१ फेब्रुवारी, रविवार. यॉटवरून

सकाळी, उजाडताना. सगळ्यांनी ढकलून यॉट पाण्यात लोटली. सौ. केशरी साडीत, हातात डबा. ऐन वेळी ती डबा द्यायची राहिली, मी घ्यायचा राहिलो.

सात वाजता. खाडीच्या तोंडाशी. पुढच्या टोकाला दोरी बांधून नांगर सोडला. धप्प. उत्तम.

पावणेआठ. शीड चढवताना आडव्या काठीने कानशिलात वाजवली. लांबचा चष्मा समुद्रार्पण. वाचायचा खिशात आहे म्हणून लिहू शकतो. मोठं शीड अर्ध्यावर अडकलं आहे. अर्धंही पुष्कळ आहे. झालर फडफडते.

आठ. निघालो!! यॉटचं नाक समुद्राकडे आणि दोन्ही अंगांनी पाणी सपासप मागे पळतंय. काय वेग आहे! चौतीस वर्षांच्या नोकरीचं सार्थक झालं.

साडेआठ. वेग मोजला. खात्यातली पद्धत: तरंगती वस्तू पाण्यावर सोडायची आणि बघायचं. खिशात वहिनींनी दिलेल्या शेंगा होत्या. टरफल नाकापाशी सोडलं, डोळ्यांदेखत मागे निघून गेलं. कालव्याला पूर्ण आवर्तन सुटल्यावरही एवढा वेग कधी पाहिला नाही. दुपारी जेवायला हर्णै.

नऊ. मागे बघितलं. चष्म्याशिवाय माणसं नुसते ठिपके. केशरी ठिपका ओळखू येतो. ठिपके मागे मागे चालले आहेत, लहान होत आहेत. किनारा सुटला.

नऊ वीस. एक मच्छीमार बोट जवळून गेली. त्यांनी माझ्या बोटीची पाटी वाचली असणार. सगळे हात करून ओरडत होते, "नगर! नगर!" ऊर भरून आला. मी उभा राहून ओरडलो, होय, नगर! केडगाव! ते पुन्हा ओरडले, "नगर, नगर!" मी म्हटलं, तुम्ही कधी आलात तर घरी या! लांब जाईपर्यंत माझ्याकडे बघत होते. बिभीषणला उगाच बोललो.

दहा. ओकलो. खोल समुद्राचा परिणाम.

साडेदहा. पुन्हा.

साडेअकरा. पाणी संथ. टरफल टाकलं तर शेजारीच तरंगत राहिलं. वारा पडला असणार. नावाड्यांच्या आयुष्यात असे क्षण येतात, धीर धरायचा असतो.

बारा. चारी बाजूंना कुणी नाही.

हे वाक्य लिहिण्यासाठीच आलो होतो, म्हणून वेगळं लिहिलं. छान वाटतंय. शांत. कुणी काही विचारत नाही. दहा मिनिटं फारच छान वाटलं. मग भूक लागली, आणि डबा केशरी ठिपक्याकडे आहे.

साडेबारा. पाण्यातून काहीतरी काळं, चकचकीत वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. डॉल्फिन! मी म्हटलं, अगं बघ बघ! मोठ्याने म्हटलं. मग लक्षात आलं, कुणी नाही.

एक. यॉट आपोआप वळली. आता नाक गावाकडे. पुस्तकात असं काही वाचल्याचं आठवत नाही, पण मी सुकाणूला हात लावला होता, त्याचा परिणाम असावा. हर्णै आज राहू दे. भूक सहन होत नाही. परतीचा प्रवास सुरू.

दोन. टरफलं पुन्हा झपाझप मागे जात आहेत. येतानाइतकाच वेग. पण गाव काही जवळ येईना. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रावर अंतरं फसवतात.

तीन. ठिपके मोठे व्हायला लागले! केशरी ठिपका तर पाण्यात उतरून पुढे येतोय. पोचतोय म्हणायचं.

सव्वाचार. खालून धक्का. जमीन! डोळे बारीक करून बघितलं. तेच किनारे, तीच माडांची रांग, तेच घर. नकाशा नाही, चष्मा नाही, दिवसभर समुद्रावर. आणि जिथून निघालो बरोबर त्याच जागी येऊन लागलो. एक वाव इकडे नाही की तिकडे नाही. याला म्हणतात नॅव्हिगेशन.

१ फेब्रुवारी, संध्याकाळी

लिहायचं नव्हतं. पण संकल्प केला होता.

यॉटमधून उतरलो तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. ओहोटीने खाडी रिकामी केली होती. यॉटच्या पुढे दोरी ताणलेली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला रेतीत मुठीपर्यंत रुतलेला आमच्या आजोबांचा नांगर.

मी तो सकाळी टाकला. उचललाच नाही.

सगळे चालत आले. चप्पल हातात घेऊन, आरामात. आप्पाने आधी नांगराला हात लावला. "जागचा हालला न्हाई बघ. दिसभर लाटा खाऊन. आज्याचा नांगर हाय." त्याचे डोळे पाणावले होते. छबूवहिनींनी विचारलं, "भाऊजी, समदा दिस एका जागी बसून कंटाळा न्हाई आला?"

माझा तोल गेला. ओरडलो, तुम्हाला दिसत होतं ना? सांगायचं नाही? दहा माणसं काठावर उभी आणि एकाला तोंड उघडता येऊ नये! आप्पा म्हणाला, "तूच म्हनला हुता हाक मारायची न्हाई. बुडाया लागला तरच मारा म्हनला. तू कुठं बुडाया लागला? आन आमाला वाटलं, याट म्हंजी आसंच आसतंय. मोठ्या लोकांचं काय सांगावं."

पाणी चढत होतं तशी मंडळी मागे सरकत होती. ते माझं किनारा सुटणं. घरमालक म्हणाले, सकाळी मच्छीमार पोरं परत येऊन हसत होती, त्या माणसाला नांगर नांगर म्हणून ओरडलो तर तो पत्ता सांगायला लागला. डॉल्फिनचंही त्यांना सांगितलं. ते म्हणाले, काळं होतं? मग टायर. दर उधाणाला येतं.

हळूहळू सगळे चहाला गेले. सौ. राहिली. साडी खोचून यॉटमध्ये चढली, समोरच्या फळीवर बसली, डबा उघडला. दशम्या, लसणाची चटणी, कांदा. सकाळचंच. तीही जेवली नव्हती.

मी विचारलं, तुलाही यॉट अशीच असते असं वाटलं?

म्हणाली, नाही. नांगराची दोरी दिसत होती मला. पुस्तकात चित्र आहे ना.

मग?

म्हणाली, तुम्ही खूश दिसत होतात. आणि दिसत होतात. लांब गेला असतात तर मी काय बघत बसले असते?

दशम्या खाल्ल्या. अंधार पडेपर्यंत बसलो होतो. ती म्हणाली तशी खरंच काही बोलली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. केडगाव

मिरजगावला यॉटची गव्हाण झाली आहे. आप्पा म्हणतो, फायबर गंजत नाही, म्हशी दोन्ही बाजूंनी खातात, अशी अजून एक मिळाली तर बघ. 'एकांत' हा शब्द एका म्हशीने चाटून पुसट केला. 'नगर' शाबूत आहे. नांगर छबूवहिनींनी तेल लावून ओट्यावर ठेवला आहे, त्याची पूजा होते. येणाऱ्याजाणाऱ्याला आप्पा सांगतो, ह्यो समुद्र नांगरून आलाय.

काल सौ. आठ दिवसांसाठी पुण्याला लेकीकडे, स्नेहलकडे गेली. एसटीने. मी सोडायला येतो म्हटलं तर म्हणाली, कशाला, जाईन मी एकटी.

म्हणजे घरात मी एकटा. चारी बाजूंना कुणी नाही. केळशीला जे जमलं नाही ते घरबसल्या, सतरंजीवर. याचा पूर्ण उपयोग करायचा संकल्प केला. वाचन, चिंतन, प्राणायाम.

काल संध्याकाळी पहिली दहा मिनिटं फारच छान गेली.

आज सकाळी बाथरूममध्ये मुद्दाम अर्धा तास बसलो. कुणी विचारलं नाही, अजून किती वेळ.

स्नेहलकडे सौ.ला एकटीला सगळं जमेल असं वाटत नाही. नवीन शहर, लिफ्ट, गॅसची पाइप. कुणीतरी जाणतं माणूस तिकडे असलेलं बरं. दुपारी फोन केला आणि सहज विचारलं, मी येऊ का?

तिने सोलो या शब्दाचा अर्थ विचारला. मागे स्नेहल हसत होती.

चारच्या गाडीने निघतो आहे. येताना मेथी आणा, म्हणाली.